नामा भाषेतील शुभवर्तमाने आणि झारा श्मेलेन
दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिमेकडे, ऑरेंज नदीच्या दोन्ही तीरांवरील कोरड्या मुलखात गुरे-मेंढ्या पाळून राहणाऱ्या नामा लोकांची भाषा प्रथम लिहू पाहणाऱ्यांपुढे मोठी अडचण उभी राहिली ती तिच्या ध्वनींची. जीभ दातांना, टाळूला किंवा दाढांच्या बाजूला चिकटवून झटक्याने सोडली असता होणारे चार निरनिराळे आवाज या भाषेत व्यंजने म्हणून येतात. हळहळताना मराठी माणूस चुकचुकतो, तो आवाज या चारांपैकीच एक असून, त्याच्या जागी दुसरा उच्चारला की शब्दच बदलतो. रोमन लिपीत या ध्वनींसाठी अक्षरे नव्हती आणि नवख्या युरोपीय कानाला त्यांतील भेद सहजी कळत नसे.

लंडन मिशनरी सोसायटीचे जर्मन धर्मप्रचारक योहान हाइनरिश श्मेलेन यांनी १८१४ मध्ये आजच्या दक्षिण नामिबियातील बेथानी येथे ठाणे वसवले आणि झारा या नामा स्त्रीशी विवाह केला, जो त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना रुचला नाही. चारही शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधील येशूचरित्राचे ग्रंथ, या दांपत्याने मिळून नामात आणली. १८३१ मध्ये ती केपटाउनला छापली गेली, त्या कामासाठी झाराही पतीबरोबर तेथे गेली होती आणि परतीच्या वाटेवर त्याच वर्षी तिचे निधन झाले. मिशनच्या इतिहासात भाषांतरकार म्हणून दीर्घकाळ नाव राहिले ते एकट्या श्मेलेन यांचे. हा घोर अन्याय होता, कारण जन्मजात नामा बोलणारी झाराच होती आणि कोणते वाक्य नामात शोभते याचा निवाडा तिच्याच कानावर अवलंबून होता. उर्सुला ट्रूपर यांच्या संशोधनामुळे तिचे श्रेय अलीकडे उजेडात आले.

पुढे जर्मन भाषापंडित लेप्सियस यांच्या वर्णमालेतून नामातील या चार ध्वनींना उभ्या रेघांची व उद्गारचिन्हासारखी चिन्हे मिळाली, आणि ऱ्हेनिश मिशनच्या क्रोनलाइन यांनी नामात भाषांतरित केलेला नवा करार १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही लेखनव्यवहारात डचचे वर्चस्व टिकले, इतके की जर्मन वसाहती सत्तेशी झुंजलेले नामा नेते हेंड्रिक विटबोई यांनी आपला पत्रव्यवहार केपमधील डच बोलीतच केला. संपूर्ण बायबल नामात येण्यास १९६६ साल उजाडावे लागले.