आजाराची रेघ

हार्वी पेकारला चित्र काढता येत नव्हतं. काडीसारखी माणसं काढायची, डोक्यावर संवाद लिहायचे आणि कागद एखाद्या चित्रकाराच्या हवाली करायचा, एवढंच त्याचं काम. क्लीव्हलंड शहरात १९७६ पासून तो असं स्वतःच्या रोजच्या जगण्याचं कॉमिक काढत होता, ‘अमेरिकन स्प्लेंडर’ नावाचं, तेही पदरमोड करून. पोटापाण्याला माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात फायली लावायची नोकरी. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या आजारांचे कागद जागेवर ठेवणाऱ्या या कारकुनाला १९९० मध्ये लिम्फोमा निघाला.

त्यातून १९९४ मध्ये ‘अवर कॅन्सर इयर’ हे पुस्तक आलं. लिहिलं हार्वी आणि त्याची बायको जॉइस ब्रॅबनर यांनी, चित्रं फ्रँक स्टॅकची, आणि छापलं न्यूयॉर्कच्या ‘फोर वॉल्स एट विंडोज’ या छोट्या प्रकाशनाने.

असं पुस्तक आधी का झालं नाही? १९६१ मध्ये शिकागोतल्या एका रुग्णालयातल्या २१९ डॉक्टरांना विचारलं होतं, तर त्यांतले सुमारे नव्वद टक्के म्हणाले, कॅन्सर आहे हे आम्ही शक्यतो रोग्याला सांगत नाही. जो आजार ज्याला झाला त्यालाच सांगायचा नाही, त्याची आठवण कोण लिहिणार आणि कशाची? १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्षांची पत्नी बेटी फोर्ड यांनी आपल्या स्तनाच्या शस्त्रक्रियेबद्दल उघडपणे सांगितलं. १९७९ मध्ये डॉक्टरांना पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. पुढच्याच वर्षी ऑड्री लॉर्डची ‘कॅन्सर जर्नल्स’ आली. दुसरीकडे, कॉमिकमध्ये स्वतःच्या मनातलं लाजिरवाणं मांडायची वाट जस्टिन ग्रीनने १९७२ मध्येच पाडून ठेवली होती. हे दोन ओघ पेकारच्या घरात येऊन मिळाले.

आमच्याकडे हे सगळं फार उशिरा आलं. माझ्या आईला परळला नेलं ते ‘पोटाच्या साध्या तपासणीला’. टाटा मेमोरियल १९४१ पासून तिथे उभं आहे, नुसतं ‘टाटाला नेलं’ म्हटलं की शेजारणीसुद्धा गप्प होतात. त्यामुळे आईला ठाऊक नव्हतं असं मानणारे आम्हीच तेवढे बावळट.

मी जन्मभर दिवाळी अंकांसाठी कथाचित्रं काढली. कॅन्सरवरच्या लेखाला चित्र म्हटलं की फर्माईश ठरलेली: खिडकी, कोवळी पालवी, पाठमोरी बाई. काढून दिली, मानधनही घेतलं. म्हणून स्टॅकची पानं पाहिल्यावर आधी रागच आला. टाकाने ओरबाडल्यासारखी रेघ, शाईचे गिचमीड पट्टे, आणि एकाच पानावर हार्वीचा चेहरा चौकटीगणिक निराळा. असं काम आमच्या संपादकांनी परत पाठवलं असतं. पण केमोथेरपी चाललेल्या माणसाचा चेहरा सकाळ-संध्याकाळ बदलतो, हे रुग्णाजवळ बसलेल्या कुणालाही विचारा. ग्लानीत हार्वीला आपण खरा माणूस आहोत की कॉमिकमधलं पात्र हेच कळेनासं होतं, तिथे गुळगुळीत रेघ खोटी पडली असती. आणि कोसळलेल्या नवऱ्याला सावरताना जॉइस वैतागलेली दिसते. सेवामूर्ती नाही, त्रासलेली बाई. पुस्तकाला १९९५ मध्ये हार्वी पुरस्कार मिळाला. तो हार्वी म्हणजे व्यंगचित्रकार कर्ट्झमन, आपला पेकार नव्हे.

मग २००६ मध्ये एकदम तीन पुस्तकं. ब्रायन फाइसने आईच्या फुप्फुसाच्या कॅन्सरची गोष्ट २००४ मध्ये नाव न सांगता इंटरनेटवर सुरू केली होती. तिला आयस्नर पुरस्कार मिळाला, ‘अब्रॅम्स’ने ती छापली; पण पुस्तक निघण्याआधीच आई गेली. त्यात एका जागी त्याने आईला मुलांच्या ‘ऑपरेशन’ खेळातल्या पटावर आडवं केलंय. ते पाहून हसू येतं आणि मग आपल्या हसण्याचंच कसंसं होतं. मारिसा अकोसेला मार्चेटो ‘न्यूयॉर्कर’ची व्यंगचित्रकार. लग्न तीन आठवड्यांवर असताना गाठ निघाली आणि आरोग्यविम्याची मुदत टळून गेलेली. तिने ‘कॅन्सर व्हिक्सन’मध्ये ते रंगीत, झोकदार पानांतून सांगितलं.

तिसरी मिरियम एंगेलबर्ग, सॅन फ्रान्सिस्कोची. चित्रकलेचं शिक्षण नाही, माणसं वेडीवाकडी. पुस्तकाच्या नावातच ती सांगते की कॅन्सरने मला आणखी उथळ केलं. आजारातून शहाणपण येतं, जगण्याचा अर्थ उमगतो, असली अपेक्षा तिने झटकून टाकली आणि टीव्ही, शब्दकोडी यांचीच चित्रं काढली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती वारली. मार्चेटोचा हात तिच्याहून कितीतरी तयार आहे, हे मी धंद्यातली बाई म्हणून सांगते. तरी ओळखीतल्या कुणाचा रिपोर्ट आला की मी वाचायला देते ते एंगेलबर्गचं.