शाळाबस-पात्रता, जेफरसन काउंटी

शाळाबस-पात्रता, जेफरसन काउंटी : अमेरिकेच्या केंटकी राज्यात लुईव्हिल शहर व त्याभोवतालच्या काउंटीचा मिळून एकच सार्वजनिक शालेय जिल्हा आहे. त्यातील कोणत्या विद्यार्थ्याला सरकारी खर्चाने घर ते शाळा बस मिळावी, हे ठरवणारे नियम आणि त्यांतील बदल. राज्यातील हा सर्वांत मोठा शालेय जिल्हा. विद्यार्थी सुमारे ९६ हजार, क्षेत्र सुमारे ४०० चौरस मैल. बसचा नियम कागदावर अंतराचा असला, तरी गेल्या पन्नास वर्षांत तो प्रत्यक्षात आधी न्यायालयाच्या आदेशाने, मग प्रवेशाच्या धोरणाने आणि शेवटी चालकांच्या संख्येने ठरत आला. म्हणूनच ही नोंद मैलांपेक्षा त्या तीन गोष्टींना अधिक जागा देते.

कायद्याची चौकट : शाळेची बस हा विद्यार्थ्याचा घटनादत्त हक्क आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कधीही म्हटलेले नाही. या विषयावर आधाराला घेतला जातो तो १९८८ चा कॅड्रमस विरुद्ध डिकिन्सन पब्लिक स्कूल्स हा निकाल. नॉर्थ डकोटातील डिकिन्सन गावापासून सुमारे १६ मैलांवर राहणाऱ्या एका गरीब कुटुंबाकडे शालेय मंडळाने मुलीच्या बससाठी वर्षाला ९७ डॉलर मागितले. कुटुंबाने ते भरायला नकार दिला आणि मुलीला स्वतःच्या वाहनाने शाळेत नेण्या-आणण्यावर वर्षात एक हजार डॉलरहून अधिक खर्च केला. दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला गेला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिला. बसचे शुल्क आकारल्याने समान संरक्षणाच्या तत्त्वाचा भंग होत नाही, असे त्यात ठरले. ९७ डॉलर वाचवण्यासाठी हजार डॉलर का घालवले, हा प्रश्न वाचकाला पडेल. पण निकालातील हाच तपशील पालक बसकडे सोय म्हणून पाहतात की हक्क म्हणून, हे सांगून जातो.

यापुढचा भाग राज्यांकडे सोपवलेला आहे आणि राज्यांचे मार्ग वेगवेगळे आहेत. न्यू जर्सीत शाळा प्राथमिक विद्यार्थ्याच्या घरापासून दोन मैलांहून, तर माध्यमिक विद्यार्थ्याच्या घरापासून अडीच मैलांहून लांब असेल, तर बस देणे जिल्ह्याला बंधनकारक आहे. फ्लोरिडात मर्यादा दोन मैलांची आहे. वाटेत धोक्याचा रस्ता असेल तर तिला अपवाद आहे. कॅलिफोर्नियात तर जिल्हे बससाठी शुल्क घेऊ शकतात. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये तशी मुभा दिली. इंडियानापोलिसजवळच्या फ्रँकलिन टाउनशिप जिल्ह्याने २०११ मध्ये पैशांअभावी बससेवाच बंद केली. पालक न्यायालयात गेले. २०१५ मध्ये इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, राज्यघटना शाळा मोफत देते, शाळेपर्यंतचा प्रवास नव्हे.

केंटकीत बस पुरवणे बऱ्याच अंशी स्थानिक मंडळाच्या इच्छेवर आहे. राज्याचे अनुदान मोजताना शाळेपासून एक मैल किंवा त्याहून लांब राहणारे विद्यार्थीच धरले जातात. एका मैलाचा हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. तो अनुदानाच्या हिशेबाचा आहे. जिल्ह्याने कोणाला बस द्यायची, हे तो थेट सांगत नाही.

न्यायालयाच्या आदेशाची बस, १९७५–२००० : १९७५ साली लुईव्हिल शहराच्या शाळा आणि काउंटीच्या शाळा यांचे एकत्रीकरण झाले. त्याच वर्षी संघीय न्यायाधीश जेम्स गॉर्डन यांनी वर्णभेद मोडण्यासाठी विद्यार्थ्यांची अदलाबदल करण्याचा आदेश दिला. सुमारे २२,६०० मुले बसने घरापासून दूरच्या शाळांत जाणार होती. कोणत्या वर्षी कोणी जायचे, हे आडनावाचे पहिले अक्षर आणि इयत्ता यांवरून ठरे. कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला बारा वर्षांपैकी साधारण आठ-नऊ वर्षे हा प्रवास येई, गोऱ्या मुलांच्या वाट्याला एक-दोन. समतेच्या नावाने काढलेल्या आदेशातील ही विषमता तेव्हापासून आजवर चर्चेत आहे.

बस ४ सप्टेंबर १९७५ रोजी धावू लागल्या. पहिल्या काही दिवसांत काउंटीच्या दक्षिण भागात दंगल उसळली आणि गव्हर्नर ज्युलियन कॅरल यांनी नॅशनल गार्ड बोलावले. काही काळ बसमध्ये मुलांसोबत सशस्त्र जवान बसत. या काळात पात्रतेचा प्रश्नच नव्हता, कारण बस ही सवलत नसून आदेश होता. मुलाला हवी असो वा नसो, ती घ्यावी लागे. शहराच्या पश्चिमेकडील वेस्ट एंड या प्रामुख्याने कृष्णवर्णीय वस्तीतील मुलांनी असा प्रवास केला आणि पुढच्या साऱ्या बदलांकडे त्या वस्तीचे बघणे याच अनुभवातून आले.

पुढे या आदेशाचे स्वरूप सौम्य होत गेले आणि त्याची जागा मॅग्नेट शाळांनी घेतली. या शाळा संगीत, विज्ञान, कायदा असा एखादा विशेष विषय घेऊन साऱ्या काउंटीतून विद्यार्थी खेचतात. ‘ट्रॅडिशनल’ म्हणवणाऱ्या शाळाही याच गटात धरल्या जातात. त्यांत गणवेश, शिस्त आणि पालकांच्या सहभागावर भर असतो. वस्तीला नेमून दिलेल्या शाळेशिवाय दुसरी शाळा निवडण्याचा हा मार्ग होता आणि तो खुला राहिला तो बसमुळेच. शाळा बारा मैलांवर असली, तरी बस दारातून नेई.

शाळांतील वांशिक प्रमाणाच्या मर्यादांमुळे सेंट्रल हायस्कूल या ऐतिहासिक कृष्णवर्णीय शाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनाच प्रवेश नाकारला जाऊ लागला. त्यावरून झालेल्या खटल्यात २००० साली न्यायाधीश जॉन हेबर्न यांनी जुना आदेश संपुष्टात आणला. त्यानंतरही मंडळाने प्रत्येक शाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण १५ ते ५० टक्के राखण्याचा नियम स्वेच्छेने चालू ठेवला. बालवाडीत जाणाऱ्या एका मुलाला घरापासून दहा मैलांवरची शाळा मिळाली. मैलभरावरच्या दुसऱ्या शाळेत बदली मागितली, तर वांशिक प्रमाण बिघडेल म्हणून ती नाकारण्यात आली. त्याच्या आईचा खटला सिॲटल शहरातील तशाच खटल्याबरोबर सर्वोच्च न्यायालयात चालला. २८ जून २००७ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी मंडळाचा नियम रद्द झाला. तेव्हापासून वंशाऐवजी वस्तीचे उत्पन्न व शिक्षण यांसारखे निकष वापरून प्रवेश आखले जाऊ लागले. बसचे जाळे मात्र जवळजवळ तसेच राहिले.

२०२३ ची फेररचना : जून २०२२ मध्ये मंडळाने नवी प्रवेशयोजना मंजूर केली. वेस्ट एंडच्या मुलांना घराजवळची शाळा किंवा दूरची शाळा यांपैकी एक निवडता येईल, हा तिचा गाभा. ती २०२३–२४ पासून अंमलात आली. नेमक्या त्याच वर्षी चालकांची टंचाईही टोकाला पोहोचली होती. शाळाबस चालवायला व्यावसायिक परवाना लागतो. काम सकाळी काही तास आणि दुपारी काही तास, मधला वेळ रिकामा. महामारीनंतर देशभर अनेकांनी हे काम सोडले. गाडीतील बेशिस्तीची तक्रार चालक सातत्याने करत आले आहेत.

यावर उपाय म्हणून जिल्ह्याने मॅसॅच्युसेट्समधील अल्फारूट या कंपनीकडून मार्गांची आखणी करून घेतली. मार्ग सुमारे ७३० वरून ६०० वर आले. एका बसने अधिक फेऱ्या करायच्या म्हटल्यावर शाळा सुटण्या-भरण्याच्या वेळा पसरवाव्या लागल्या. पूर्वीच्या दोन ठोकळ वेळांऐवजी नऊ निरनिराळ्या वेळा आल्या. अनेक थांबे एकत्र करण्यात आले. त्यामुळे काही मुलांना थांब्यापर्यंतच लांब चालावे लागे.

गणित कुठे फसले, ते पाहण्यासारखे आहे. मॅग्नेट शाळेचा विद्यार्थी सहसा एका बसने थेट शाळेत पोहोचत नसे. घराजवळची बस त्याला डेपोत सोडी, तेथे तो आपल्या शाळेच्या बसमध्ये चढे. डेपोतील बस सगळ्या आल्याशिवाय सुटत नसत. म्हणजे एका गाडीला वीस मिनिटे उशीर झाला की तो एकाच वेळी अनेक शाळांच्या मुलांना होई. शिवाय तीच गाडी लगेच दुसऱ्या शाळेची फेरी घेणार असल्याने उशीर फेरीगणिक वाढत जाई. ९ ऑगस्ट २०२३ या शाळेच्या पहिल्याच दिवशी हे घडले. शेवटचे मूल घरी पोहोचले तेव्हा रात्रीचे ९ वाजून ५८ मिनिटे झाली होती.

अधीक्षक मार्टी पोलिओ यांनी जाहीर माफी मागितली. शाळा दुसऱ्या दिवसापासून बंद राहिल्या. प्राथमिक व माध्यमिक शाळा १८ ऑगस्टला आणि हायस्कुले २१ ऑगस्टला पुन्हा उघडली. याच कंपनीच्या आखणीवरून आदल्या वर्षी ओहायोतील कोलंबस आणि सिनसिनाटी या शहरांतही तक्रारी झाल्या होत्या. लुईव्हिलमधील गोंधळात संगणकीय आखणीचा, चालकांच्या तुटवड्याचा आणि नव्या प्रवेशयोजनेचा वाटा किती, यावर एकमत नाही.

२०२४ ची कपात : वर्षभर मुले उशिरा पोहोचत राहिल्यावर पात्रताच आवळण्याचा प्रस्ताव आला. एप्रिल २०२४ मध्ये मंडळाने चार विरुद्ध तीन मतांनी ठरवले की, २०२४–२५ पासून मॅग्नेट व ट्रॅडिशनल शाळांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना बस मिळणार नाही. सुमारे १६ हजार मुलांवर याचा परिणाम झाला. वस्तीला नेमून दिलेल्या शाळेत जाणाऱ्यांची बस चालू राहिली.

या निर्णयाचे कारण हिशेबात आहे. नेमून दिलेल्या शाळेची बस दोन-तीन वस्त्यांत भरते. मॅग्नेट शाळेची मुले मात्र साऱ्या काउंटीत विखुरलेली असतात. तितकेच चालक राबवून कितीतरी कमी मुले पोहोचतात. चालक अपुरे असतील तर कात्री येथेच लागणार. पण त्याची दुसरी बाजू अशी की, घरी गाडी असलेल्या पालकाची शाळानिवड पूर्वीसारखीच राहिली आणि गाडी नसलेल्याची संपली. मतदानापूर्वीच्या चर्चेत हा मुद्दा वारंवार आला. निवडीचा हक्क कागदावर ठेवायचा आणि तिथपर्यंत जायचे साधन काढून घ्यायचे, हा या कपातीतील सर्वांत मोठा दोष मानावा लागतो. मंडळातील तीन विरोधी मतांवरून तो प्रश्न तेव्हाही अंधारात नव्हता, हे दिसते.

अपंग व बेघर विद्यार्थी : यांची बस संघीय कायद्याने संरक्षित असल्याने कपातीतून वगळली गेली.

अन्य शहरांतील समांतर बदल : शिकागोच्या सार्वजनिक शाळांनी २०२३ मध्ये चालकांच्याच टंचाईमुळे मॅग्नेट व निवडक प्रवेशाच्या शाळांतील सर्वसाधारण विद्यार्थ्यांची बस थांबवली. त्यांना आणि त्यांच्यासोबतच्या एका व्यक्तीला शहर वाहतुकीचा पास देऊ केला. शिकागोत मेट्रो व बसचे दाट जाळे आहे, लुईव्हिलमध्ये ते नाही. त्यामुळे दोन्ही निर्णयांचा परिणाम सारखा धरता येत नाही.

अंशतः पूर्ववत : लुईव्हिलच्या शहर बससेवेला, म्हणजे ट्रान्झिट अथॉरिटी ऑफ रिव्हर सिटीला, पैशांअभावी स्वतःच्या फेऱ्या कमी कराव्या लागत होत्या. तिने आपले सुमारे ७० चालक शालेय जिल्ह्याला कराराने देण्याचे मान्य केले. त्यांच्या बळावर सेंट्रल आणि वेस्टर्न या दोन हायस्कुलांच्या विद्यार्थ्यांची बस पुन्हा सुरू करण्यात आली. इतर मॅग्नेट व ट्रॅडिशनल शाळांच्या बहुसंख्य मुलांना २०२४–२५ या शालेय वर्षात बस मिळाली नाही.