डॅनव्हर्सबाईंची सावली

‘कोहरा’ हा १९६४ सालचा हिंदी चित्रपट मी आधी पाहिला. ‘रिबेका’ या कादंबरीवरचा हिचकॉकचा मूळ चित्रपट पुष्कळ वर्षांनी. आपल्या ललिता पवारांनी उभी केलेली, गेलेल्या मालकिणीशी इमान राखणारी दाई डोक्यात घट्ट बसली होती. म्हणून १९४० सालची मिसेस डॅनव्हर्स कोणी केली, हे शोधायला लागलो.

ती जुडिथ अँडरसन यांनी केली होती. जन्म १८९७, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा. हिचकॉकने या डॅनव्हर्सला चालताना जवळजवळ दाखवलेलंच नाही. नवी मालकीण वळून पाहते तो ही शेजारी उभी! अँडरसनबाईंना ऑस्करचं नामांकन मिळालं आणि पुढची पन्नास वर्षं प्रेक्षकांनी त्यांना त्याच काळ्या झग्यात पाहिलं. ललिताबाईंच्या वाट्याला खाष्ट सासू आली, तसंच हे. माझ्या मते मात्र पडद्यावरच्या अँडरसन हा त्यांच्या कर्तृत्वाचा धाकटा भाग आहे. थोरला भाग रंगमंचावर घडला, आणि तिथे घडलेलं पडदा पडला की संपतं. तरीही त्याचा माग काढावासा वाटला.

१९१५ मध्ये सिडनीत पहिली भूमिका. १९१८ मध्ये आईबरोबर अमेरिका. हॉलिवूडने तेव्हा उभं केलं नाही. न्यूयॉर्कमध्ये १९२४ च्या ‘कोब्रा’ नाटकाने नाव झालं. मग यूजीन ओनीलची नाटकं. १९३६ मध्ये गिलगुडच्या हॅम्लेटची आई. १९३७ मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये ऑलिव्हिएसमोर लेडी मॅक्बेथ. हीच लेडी मॅक्बेथ त्यांनी १९५४ आणि १९६० अशी दोनदा टीव्हीसाठी केली आणि दोन्ही वेळा एमी पारितोषिक मिळवलं. पुढे सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी हॅम्लेटही केला, खुद्द हॅम्लेट! तो प्रयोग फसला, पण त्या वयात हे धाडस सुचणं मला आवडतं.

खरा मुक्काम मात्र ‘मीडिआ’चा. युरिपिडीसच्या या शोकांतिकेचं इंग्रजी रूप कॅलिफोर्नियाचे कवी रॉबिन्सन जेफर्स यांनी अँडरसनबाईंसाठीच सिद्ध केलं. २० ऑक्टोबर १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते रंगमंचावर आलं. दिग्दर्शक गिलगुड, जेसनही तेच. बाईंचं वय पन्नास. नवऱ्यासाठी स्वतःचा देश सोडलेली, परक्या गावात त्यानेच टाकलेली आणि सूड म्हणून पोटची पोरं मारणारी ही बाई. दूरदेशी आलेल्या नटीला यात स्वतःचं काही सापडलं असेल का? असेलही, पण त्या तर्कावर मी फार भार टाकत नाही. अधिक महत्त्वाचं हे, की खलनायिका म्हणून पडद्याने ज्यांना एका कोपऱ्यात बसवलं, त्यांना इथे खलनायिकेचं सगळं दुःख बोलायला मिळालं. १९४८ मध्ये टोनी पारितोषिक मिळालं. १९५५ मध्ये त्यांनी हीच मीडिआ ऑस्ट्रेलियात नेली.

१९५९ मध्ये टीव्हीसाठी झालेल्या ‘मीडिआ’चं चित्रीकरण उपलब्ध आहे. मोठ्या अपेक्षेने पाहायला बसलो आणि, खरं सांगायचं तर, थोडा खट्टू झालो. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज, आणि कॅमेरा पुढ्यात! शब्द आदळत राहतात. हाच पुरावा मानला तर बाई भडक ठरतात. पण अंतर ठेवून पाहायची वस्तू नाकाला लावून पाहिली, यात दोष कोणाचा?

१९८२ मध्ये ‘मीडिआ’ पुन्हा न्यूयॉर्कला आलं. दिग्दर्शक रॉबर्ट व्हाइटहेड, म्हणजे १९४७ च्या प्रयोगाचे निर्माते. मीडिआ झाल्या त्यांच्या पत्नी झोई कॉल्डवेल, त्याही ऑस्ट्रेलियन, मेलबर्नच्या. आणि पंचाऐंशी वर्षांच्या अँडरसनबाईंनी दाईचं काम घेतलं. नाटक दाईच्याच बोलण्याने सुरू होतं. मग मीडिआ येते, आणि दाईने बरंचसं ऐकायचं. पस्तीस वर्षांपूर्वी आपल्यासाठी लिहिलेले शब्द रोज दुसरीच्या तोंडून ऐकायचे. त्या वर्षीचं टोनी कॉल्डवेल यांना मिळालं. दाईच्या वाट्याला नामांकन आलं.

या प्रयोगाचंही चित्रीकरण झालेलं आहे. मी ते दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा फक्त दाईकडे.