सॉल्झबरी, लॉर्ड रॉबर्ट सेसिल

(३ फेब्रुवारी १८३०–२२ ऑगस्ट १९०३). ब्रिटिश मुत्सद्दी, हुजूर पक्षाचा नेता व तीन वेळा इंग्लंडचा पंतप्रधान (१८८५-८६, १८८६–९२, १८९५–१९०२). पूर्ण नाव रॉबर्ट आर्थर टॅल्बट गॅस्कॉइन-सेसिल, तिसरा मार्क्विस. जन्म हर्टफर्डशरमधील हॅटफील्ड येथे. पहिल्या एलिझाबेथ राणीचा मंत्री विल्यम सेसिल याने घराणे नावारूपास आणले. त्याचा मुलगा रॉबर्ट याने हॅटफील्ड हाउस हा वाडा बांधला (१६११). गॅस्कॉइन हे आईच्या माहेरचे नाव.

शिक्षण : मुलांच्या छळामुळे ईटनची शाळा पंधराव्या वर्षी सोडली. पुढे ऑक्सफर्ड. १८५३ मध्ये स्टॅमफर्डमधून संसदेत बिनविरोध निवड.

कुटुंब : न्यायाधीश एडवर्ड ऑल्डरसन याची कन्या जॉर्जीना हिच्याशी वडिलांचा विरोध असताना विवाह (१८५७). धाकटी पाती असल्याने उत्पन्न तुटपुंजे. नियतकालिकांतील लेखनावर संसार चाले. वडीलबंधू १८६५ मध्ये वारल्याने तो वारस ठरला आणि १८६८ मध्ये मार्क्विस झाला. आठ अपत्यांपैकी एक मुलगी बालपणीच वारली. मुलांपैकी जेम्स चौथा मार्क्विस, विल्यम एक्झिटरचा बिशप, एडवर्ड लष्करी अधिकारी, तर ह्यू संसद सदस्य झाला. रॉबर्ट या मुलाला राष्ट्रसंघाच्या कार्याबद्दल शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले (१९३७). कन्या ग्वेंडोलेन हिने वडिलांचे चरित्र चार खंडांत लिहिले (१९२१–३२). ते १८९२ पाशी थांबते. सॉल्झबरीला विज्ञानाचा नाद होता. वाड्यात त्याची प्रयोगशाळा होती व विजेचे दिवेही फार लवकर आले. छताजवळच्या उघड्या तारा पेट घेत, तेव्हा घरची मंडळी उशा फेकून आग विझवत आणि पुन्हा गप्पांना लागत. १९०० च्या मंत्रिमंडळात भाचे व जावई यांची वर्णी लागल्याने टीकाकार त्या मंत्रिमंडळाला ‘हॉटेल सेसिल’ म्हणत. त्याच्यानंतर भाचा आर्थर बाल्फोर हाच पंतप्रधान झाला.

भारताशी संबंध : दोनदा भारतमंत्री (१८६६-६७; १८७४–७८). ओरिसाच्या दुष्काळात आपण सुरुवातीला काहीच हालचाल केली नाही, याची खंत त्याने पुढे बोलून दाखवली. दुसऱ्या कारकिर्दीत बडोद्याचे मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले (१८७५). या निर्णयात त्याचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. सनदी परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणल्याने भारतीय उमेदवारांची वाट अधिकच बिकट झाली व देशात चळवळ उभी राहिली. १८७५ च्या एका टिपणीत त्याने भारतातून रक्त काढायचेच तर ते जेथे साठले आहे तेथून काढावे, अशा आशयाचे मत मांडले. टिपणीचा रोख गरीब शेतकऱ्यावरील साऱ्याचा बोजा हलका करण्याकडे होता; दादाभाई नवरोजींनी मात्र संपत्तीच्या अपहाराची सत्ताधाऱ्यानेच दिलेली कबुली म्हणून ती वारंवार पुढे केली. १८८६ मध्ये दादाभाई हॉबर्न मतदारसंघात पराभूत झाले होते. त्या निवडणुकीच्या संदर्भात सॉल्झबरीने एडिंबरोच्या भाषणात (१८८८) त्यांचा ‘काळा माणूस’ असा उल्लेख केला. त्यावर इंग्लंडातच गदारोळ उठून दादाभाईंचे नाव घरोघरी पोहोचले; १८९२ मध्ये ते सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले.

परराष्ट्र धोरण : बर्लिन परिषद (१८७८), आफ्रिकेची वाटणी, बोअर युद्ध.

पत्नीच्या निधनानंतर (१८९९) त्याची प्रकृती ढासळली. जुलै १९०२ मध्ये निवृत्त होऊन तो हॅटफील्ड येथेच मरण पावला.