नावानिशी दफन



‘झाले गेले गंगेला मिळाले’ असे आपण घरगुती तंटा मिटविताना नेहमी म्हणतो. दोन भावांच्या बांधावरील भांडणापुरते ते ठीक आहे. परंतु जेथे एका गावातील पुरुष आणि वयात आलेली मुले आठवडाभरात ठार केली गेली, तेथे मागे उरलेल्या बायकांनाही हेच ऐकवावे काय? बोस्निया देशातील स्रेब्रेनित्साच्या मातांना हे अनेकांनी ऐकविले. त्यांनी ते मानले नाही. का मानले नाही, ते पालकांनी आणि विशेषतः इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

युगोस्लाव्हिया फुटल्यावर १९९२ साली बोस्नियात युद्ध पेटले. बोस्नियाक मुसलमान, सर्ब आणि क्रोएट हे तिन्ही समाज तेथे शतकानुशतके शेजारी राहत आले होते. एकमेकांचे बोलणे त्यांना सहज कळे. पूर्वेकडील स्रेब्रेनित्सा हे डोंगरातील छोटे शहर संयुक्त राष्ट्रसंघाने १९९३ साली ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केले. रक्षणासाठी शेवटी तेथे डच सैनिकांची तुकडी होती. ११ जुलै १९९५ रोजी जनरल राटको म्लादिच याच्या सर्ब फौजेने शहर घेतले, आणि ही तुकडी ते रोखू शकली नाही. जवळच्या पोटोचारी गावातील बॅटरीच्या कारखान्यात डचांचा तळ होता. हजारो लोक तेथे आश्रयाला धावले. बायका-मुलांना बसमध्ये कोंबून पाठविण्यात आले आणि पुरुषांना बाजूला काढण्यात आले. कित्येक हजार पुरुष जंगलाच्या वाटेने तुझ्ला शहराकडे निघाले होते. त्यांतीलही बरेचसे वाटेत पकडले व मारले गेले. बळींची संख्या आठ हजारांवर गेली.

यानंतर मारेकऱ्यांनी जे केले, त्यातूनच मातांच्या लढ्याला त्याचे रूप आले. गुन्हा उघड होईल या भीतीने त्यांनी त्याच वर्षी सामूहिक खड्डे यंत्रांनी उकरले आणि प्रेते दूरदूरच्या नव्या खड्ड्यांत नेऊन टाकली. त्यामुळे एकाच माणसाची हाडे दोन-तीन, कधी त्याहूनही अधिक ठिकाणी सापडू लागली. सुरुवातीला मिळालेल्या कपड्यांची व वस्तूंची छायाचित्रे नातेवाईकांना दाखवीत. आईने विणलेला स्वेटर, बायकोने लावलेले ठिगळ, एवढ्यावरून ओळख पटवायची. पुढे बेपत्ता व्यक्तींसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने हजारो नातेवाईकांचे रक्ताचे नमुने घेतले आणि २००१ पासून डीएनए जुळवून नावे लावण्यास आरंभ केला. अशा रीतीने सुमारे सात हजार जणांची ओळख पटली आहे. हाच पुरावा हेगच्या न्यायालयातही उपयोगी पडला. तेथे २००४ साली अपिलातही हा वंशसंहारच ठरला. म्लादिचला २०१७ मध्ये जन्मठेप झाली आणि ती २०२१ मध्ये कायम झाली.

मातांचा आग्रह एकच होता : प्रत्येकाचे दफन त्याच्या नावाने व्हावे, आणि ते पोटोचारीतच व्हावे. हा आग्रह सोपा नव्हता. शांतता करारानुसार तो भाग सर्बांच्या कारभाराखालील प्रदेशात गेला होता. तरीही २००० साली त्यांना तेथे जागा मिळाली. ३१ मार्च २००३ रोजी पहिल्या ६०० जणांची जनाजाची नमाज होऊन दफन झाले. आता तेथे पांढऱ्या कबरशिलांच्या रांगाच रांगा आहेत. एका दगडावर ८३७२ हा आकडा कोरला असून त्यापुढे टिंबे ठेवली आहेत, कारण मोजणी पुरी झालेली नाही. इतिहास शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला त्या टिंबांनी फार काही शिकविले. आम्ही फळ्यावर आकडा लिहितो आणि पुढच्या धड्याकडे वळतो!

हातिजा मेहमेदोविच या अशाच एक माता. पती आणि दोन्ही मुलगे गमावल्यावर त्या स्रेब्रेनित्सात परत येऊन राहिल्या, मातांच्या संघटनेच्या प्रमुख झाल्या आणि २०१८ साली वारल्या. परत येऊन राहणे हेच शांततेचे मोठे काम होते, असे माझे मत आहे. ज्या रस्त्यावर मारेकऱ्यांचे नातलग भेटतात, त्याच रस्त्यावरून रोज बाजाराला जायचे. सूड मागायचा नाही, पण घडलेले नाकारूही द्यायचे नाही. त्यांना पलीकडूनही सोबत मिळाली. सर्बियाची राजधानी बेलग्रेड येथे ‘काळ्या वेशातील स्त्रिया’ ही संघटना दरवर्षी जुलैत भर चौकात मूकपणे उभी राहते. स्वतःच्याच लोकांच्या शिव्या खाऊन हे करणे थोरच म्हटले पाहिजे.

आता शाळेकडे वळू. बोस्नियाच्या काही भागांत ‘एका छपराखाली दोन शाळा’ अशी पद्धत आहे : इमारत एक, परंतु बोस्नियाक व क्रोएट मुलांचे वर्ग, शिक्षक आणि पुस्तके वेगळी. यात्से शहरात अशीच नवी वाटणी होऊ घातली, तेव्हा २०१६-१७ मध्ये दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी मिळून निदर्शने केली आणि ती रोखली. मोठ्यांना जे जमले नाही ते पोरांनी केले. सर्ब प्रदेशाच्या नेत्यांनी मात्र २०१७ मध्ये, या वंशसंहाराचा उल्लेख असलेली पुस्तके आपल्या शाळांत चालणार नाहीत असे जाहीर केले. वर्गात धडा नसला, तर त्या कबरस्तानाजवळून जाणाऱ्या मुलाने ते दगड कशाचे समजावेत?

२०२४ साली राष्ट्रसंघाच्या आमसभेने ११ जुलै हा स्मरणदिन ठरविला. त्या दिवशी दरवर्षी नव्याने ओळख पटलेल्यांचे दफन होते. पूर्वी एकेका वर्षी शेकडो असत, आता मोजकेच असतात. सुमारे हजार जण अजून सापडावयाचे आहेत. वाट पाहून अनेक माता गेल्या. त्यांच्या रक्तावरून घेतलेली नोंद मात्र जपून ठेवलेली आहे. उद्या एखाद्या रानात हाड मिळाले, तर ते त्या नोंदीशी ताडून पाहिले जाईल, आणि आई हयात नसली तरी तिच्या मुलाला त्याचे नाव मिळेल.