कराचीची एक शाळा, फाळणीच्या दोन्ही बाजूंना

१४ जुलै २००१. आग्रा शिखर परिषदेसाठी पाकिस्तानचे अध्यक्ष परवेझ मुशर्रफ दिल्लीत उतरले. त्याच दिवशी त्यांनी दर्यागंजमधील नहरवाली हवेली पाहिली. १९४३ साली त्यांचा जन्म तिथेच झाला होता. राष्ट्रपती भवनात त्यांना भेटायला आलेले भारताचे गृहमंत्री लालकृष्ण अडवाणी मात्र जन्माने कराचीकर. आणि दोघेही एकाच शाळेचे विद्यार्थी : सेंट पॅट्रिक्स हायस्कूल, कराची.

अडवाणींनी आपल्या आत्मचरित्रात ही भेट सविस्तर लिहिली आहे. प्रारंभ शाळेच्या आठवणींनी झाला. मग अडवाणींनी प्रत्यार्पण कराराचा विषय काढला आणि १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतील आरोपी दाऊद इब्राहिम याची मागणी केली. शाळेचा जिव्हाळा तिथेच संपला.

ही शाळा १८६१ मध्ये कराचीच्या सद्दर भागात सुरू झाली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता आणि १९३६ पर्यंत तो तसाच राहिला. मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठाची. कराचीतील कॅथलिक समाजही १९४८ पर्यंत मुंबईच्याच धर्मप्रांतात मोडत असे. (त्याच शहरातील एका जुन्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांचे नाव आहे. मुंबई-कराची हे नाते केवळ बंदरांचे नव्हते.)

अडवाणी या शाळेत शिकले ते १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात. १९४१ च्या जनगणनेनुसार कराचीत हिंदूंचे प्रमाण जवळपास निम्मे होते. सिंधी हिंदू, पारशी, मुसलमान, गोव्याचे ख्रिस्ती अशी मुले तेव्हा शहरातील चांगल्या शाळांत एकत्र शिकत.

मग १९४७ आले. ऑगस्टमध्ये चार वर्षांच्या परवेझला घेऊन मुशर्रफ कुटुंब रेल्वेने दिल्लीहून कराचीला गेले. सप्टेंबरमध्ये विशीच्या उंबरठ्यावरील अडवाणी कराची सोडून दिल्लीला आले. अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने दोघांनी शहरांची अदलाबदल केली. दोघांच्या वयात जवळजवळ सोळा वर्षांचे अंतर असल्याने वर्गात त्यांची गाठ पडणे शक्यच नव्हते. पण त्याहून मोठे अंतर वर्गाच्या भिंतीबाहेरचे होते. मुशर्रफ १९५० च्या दशकात त्या शाळेत गेले, तेव्हा अडवाणींच्या वेळचे कराची उरलेच नव्हते. इमारती त्याच होत्या. पण शहरातील बहुसंख्य हिंदू निघून गेले होते आणि त्यांच्या जागी दिल्ली, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले निर्वासित राहत होते. 'एकाच शाळेचे विद्यार्थी' हे वर्णन म्हणूनच अर्धेच खरे आहे.

पाकिस्तानच्या सत्ताकेंद्रात या शाळेचे माजी विद्यार्थी पुनःपुन्हा दिसतात. १९८५ ते १९८८ पंतप्रधान असलेले मुहम्मद खान जुनेजो हे त्यांपैकीच. झिया उल हक यांनी त्यांना बडतर्फ केले. पुढे २००४ ते २००७ या काळात राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ आणि पंतप्रधान शौकत अझीझ, दोघेही सेंट पॅट्रिक्सचे. आणि सीमेपलीकडे लोकसभेत विरोधी पक्षनेते अडवाणी! जून २००५ मध्ये अडवाणी कराचीला गेले, आपल्या शाळेतही गेले. पण त्या दौऱ्यातून लोकांच्या लक्षात राहिले ते जिनांविषयीचे त्यांचे उद्गार. त्यावरून स्वपक्षात वादळ उठले आणि त्या वर्षाअखेरीस त्यांनी पक्षाध्यक्षपद सोडले.

या नामवंतांच्या गर्दीत ज्या समाजाशी शाळेचे नाते सर्वांत जुने, त्या कॅथलिक समाजाचीच नावे मागे पडतात. हे अन्यायाचे आहे. जोसेफ कॉर्डेरो १९१८ मध्ये मुंबईत जन्मले, या शाळेत शिकले, १९५८ मध्ये कराचीचे आर्चबिशप झाले आणि १९७३ मध्ये पाकिस्तानचे पहिले कार्डिनल. १९७८ साली दोन वेळा पोपची निवड झाली. दोन्ही वेळा मत देणाऱ्या कार्डिनलांमध्ये ते होते.

आणि वॉलिस मथायस. कराचीच्या गोवन कुटुंबातील हा मुलगा १९५५ मध्ये पाकिस्तानकडून कसोटी खेळला. त्या संघातील तो पहिला बिगर-मुस्लिम खेळाडू. एकूण २१ कसोटी सामने, आणि स्लिपमधील झेलांसाठी मोठा लौकिक. १९६२ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्याच्यासोबत याच शाळेचा आणखी एक गोवन होता, वेगवान गोलंदाज अँटाव डिसोझा. त्याचा जन्म १९३९ चा, पोर्तुगीज गोव्यातील. डिसोझा पाकिस्तानच्या टोपीत इंग्लंडला गेला, त्याच्या काही महिने आधीच, डिसेंबर १९६१ मध्ये, त्याची जन्मभूमी भारतात सामील झाली होती.