गोल्फ कार्ट रस्त्यावर चालवता येते का? काय आहेत नियम?

विमानतळावर, रिसॉर्टमध्ये किंवा मोठ्या गृहसंकुलात बॅटरीवर चालणारी छोटी, उघडी गाडी तुम्ही पाहिली असेल. हीच गोल्फ कार्ट. ती मुळात गोल्फच्या मैदानावर खेळाडू आणि त्यांचं सामान नेण्यासाठी बनवली गेली. पण अमेरिकेत अनेक ठिकाणी लोक दुकानात, शेजाऱ्यांकडे किंवा समुद्रकिनारी जायलाही ती वापरतात. जॉर्जिया राज्यातल्या पीचट्री सिटीमध्ये तर कार्टसाठी सुमारे 160 किलोमीटरचे वेगळे मार्ग आहेत.

मग दिवे आणि आरसे लावले की कोणतीही कार्ट रस्त्यावर आणता येते का? तर नाही.

गोल्फ कार्ट आणि 'एलएसव्ही' यात फरक काय?

सगळा फरक वेगाचा आहे. साधी गोल्फ कार्ट साधारण ताशी 24 किलोमीटरपेक्षा कमी वेगाने धावते. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने 1998 मध्ये 'लो स्पीड व्हेइकल' म्हणजेच एलएसव्ही हा वेगळा वर्ग तयार केला. चार चाकं, ताशी 20 ते 25 मैल (32 ते 40 किमी) इतका कमाल वेग आणि प्रवासी व सामानासह 3,000 पौंडांपेक्षा (सुमारे 1,360 किलो) कमी वजन, अशी या वर्गाची व्याख्या आहे.

कार्टचा वेग वाढवून 20 मैलांच्या पुढे नेला की कायद्याच्या नजरेत ती 'कार्ट' उरत नाही. तिला एलएसव्हीचे सगळे नियम लागू होतात. हा बदल विक्रेत्याने करून गाडी विकली, तर नियम पाळण्याची जबाबदारी निर्मात्यासारखी त्याच्यावर येते.

एलएसव्हीमध्ये काय काय असावं लागतं?

- हेडलाइट, टेललाइट आणि ब्रेक लाइट
- पुढे आणि मागे इंडिकेटर
- बाजूला आणि मागे लाल रिफ्लेक्टर
- चालकाच्या बाजूचा आरसा आणि त्यासोबत आतला किंवा दुसऱ्या बाजूचा आरसा
- पार्किंग ब्रेक
- प्रमाणित काचेची किंवा प्लास्टिकची विंडशील्ड
- प्रत्येक आसनाला सीट बेल्ट
- वाहन ओळख क्रमांक, म्हणजेच 17 अंकी-अक्षरी 'व्हिन'

नव्या एलएसव्हीसाठी मागचं दृश्य दाखवणारा कॅमेरा आणि पादचाऱ्यांना सावध करणारा आवाज, या दोन गोष्टींचीही नंतर भर पडली. विजेवरची गाडी अगदी हळू चालताना जवळजवळ आवाजच करत नाही, म्हणून ही दुसरी अट.

कागदपत्रं कशी होतात? फ्लोरिडाचं उदाहरण

वाहनात काय असावं हे केंद्र सरकार ठरवतं. पण नोंदणी, परवाना आणि कोणत्या रस्त्यावर परवानगी, हे राज्यं आणि स्थानिक प्रशासन ठरवतात. त्यामुळे प्रत्येक राज्यात नियम वेगळे असतात.

फ्लोरिडात साध्या कार्टला नोंदणी लागत नाही. मात्र प्रशासनाने ठरवून दिलेल्या रस्त्यांवरच ती चालवता येते आणि एरवी फक्त सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत. ऑक्टोबर 2023 पासून 18 वर्षांखालच्या चालकाकडे शिकाऊ किंवा पक्का परवाना असणं बंधनकारक आहे. त्याआधी 14 वर्षांची मुलंही परवान्याशिवाय कार्ट चालवू शकत होती.

कार्टची एलएसव्ही करायची असेल तर टप्पे असे:

1. वर दिलेली सगळी उपकरणं बसवायची आणि त्यांच्या पावत्या जपून ठेवायच्या.
2. गाडीचं अधिकृत वजन करून घ्यायचं.
3. बदल केल्याचं प्रतिज्ञापत्र आणि मालकीचा पुरावा जोडायचा.
4. गाडी ट्रेलरवरून परिवहन विभागाच्या कार्यालयात न्यायची. तिथे तपासणी होऊन व्हिन मिळतो. त्याआधी ती रस्त्यावरून चालवत नेता येत नाही.
5. विमा काढून नोंदणी करायची आणि नंबर प्लेट घ्यायची. स्वतःच्या दुखापतीसाठी आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी प्रत्येकी किमान 10,000 डॉलरचं विमा संरक्षण लागतं.

इतकं करूनही एलएसव्ही फक्त ताशी 35 मैल (56 किमी) किंवा त्याहून कमी वेगमर्यादेच्या रस्त्यांवरच चालवता येते. चालकाकडे वैध वाहन परवाना असावाच लागतो.

कायदेशीर झाली, म्हणजे सुरक्षित झाली का?

नाही, आणि नेमकी इथेच गफलत होते. मोटारगाड्यांना धडकेच्या चाचण्या पार कराव्या लागतात, एलएसव्हीला त्या लागू नाहीत. तिला एअरबॅग नसतात आणि बहुतेक वेळा दारंही नसतात. मोठ्या एसयूव्हीची धडक बसली तर आतल्या माणसाचं संरक्षण करणारं फारसं काही उरत नाही.

धोका धडकेपुरताच नाही. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. त्याने वेगात डावं वळण घेतलं की उजवीकडचा प्रवासी बाहेरच्या दिशेने फेकला जातो. दार नाही, बेल्ट लावलेला नाही, म्हणजे तो थेट रस्त्यावर. लहान मुलांचे पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून त्यांना हा धोका जास्त.

ब्रेकचंही तसंच. अनेक कार्टना फक्त मागच्या चाकांना ब्रेक असतात. जोरात ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे सरकतो, मागची चाकं अडकून घसरतात आणि गाडी फिरू शकते. उतारावर हे लवकर होतं. म्हणून वेग वाढवणारी मोटर किंवा कंट्रोलर बसवण्याआधी ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग त्या वेगाला पुरेसे आहेत का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. मोठी चाकं लावून गाडी उंच केली, तर ती उलटण्याची शक्यताही वाढते.

भारतात काय?

मोटार वाहन कायदा, 1988 नुसार केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेलं खास वाहन 'मोटार वाहन' मानलं जात नाही. म्हणून रिसॉर्टमधल्या किंवा संकुलातल्या कार्टना सहसा नंबर प्लेट दिसत नाही. पण ही सवलत फाटकाच्या आतपुरतीच आहे.

'बॅटरीवर चालते, मग नोंदणी कशाला?' असा समज अनेकांचा असतो. ती सूट 0.25 किलोवॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या वाहनांना आहे. कार्टची मोटर त्याच्या कितीतरी पट शक्तिशाली असते.

सार्वजनिक रस्त्यासाठी नोंदणी, विमा आणि परवाना तिन्ही लागतात. नोंदणीसाठी त्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता असावी लागते. त्यामुळे गॅरेजमध्ये दिवे-आरसे बसवून कार्ट रस्त्यावर आणण्याचा फ्लोरिडासारखा मार्ग आपल्याकडे नाही. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर मोटार वाहन चालवून गुन्हा केला, तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा वाहनमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

थोडक्यात

अमेरिकेत मुलांकडे गेला असाल आणि कार्ट भाड्याने घेणार असाल, तर आधी विचारा: ही कार्ट आहे की एलएसव्ही? कोणत्या रस्त्यावर चालते? माझा परवाना आणि तुमचा विमा चालेल का? आणि गाडी कोणतीही असो, निघण्याआधी सगळ्यांचे बेल्ट लावा आणि वळणावर वेग कमी करा.